जुलाब, उलट्या, घाम: शरीरातील पाणी आणि क्षार कमी होणे कधी जिवावर बेतते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहा महिन्यांच्या बाळाला जुलाब होत होते म्हणून आई त्याला पुनावळ्यातील माझ्या दवाखान्यात घेऊन आली. बाळ खेळत होते, अंगावर पीत होते. मी तपासले, 'ओआरएस देत राहा' असे सांगितले आणि घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ परत आले तेव्हा ते कमालीचे चिडचिडे झाले होते. तोंड कोरडे, पाण्यासाठी जीव कासावीस, आणि सकाळपासून लघवी नाही. आई म्हणाली, "डॉक्टर, मी ओआरएस देतच होते." किती पाण्यात, असे विचारल्यावर तिने हाताने पेल्याचे माप दाखवले. एक लिटर पाण्यात घालायचे अख्खे पाकीट ती एका पेल्यात कालवत होती.

बाळाला लगेच रुग्णालयात पाठवले. रक्तातील सोडियम फार वाढले होते. ते हळूहळू खाली आणायला दोन दिवस लागले. बाळ सुखरूप घरी गेले. चूक आईची नव्हती. 'ओआरएस द्या' एवढेच सांगून मी थांबलो होतो. किती पाण्यात, कसे आणि किती वेळाने द्यायचे, हे सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी तसे सांगतो, आणि हा लेखही त्यासाठीच आहे.

शरीरातील पाणी कमी होणे म्हणजे नेमके काय?

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी, तर नवजात बाळात सुमारे ७५ टक्के असते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि एक तृतीयांश पेशींच्या बाहेर असते. रक्तवाहिन्यांतून फिरणारा पातळ भाग जेमतेम तीन ते साडेतीन लिटर भरतो. जुलाब, उलट्या किंवा घाम यांमुळे या साठ्यावर ताण आला की रक्तदाब, मूत्रपिंड आणि मेंदू यांना त्याची झळ बसते.

हे पाणी साधे नसते, त्यात क्षार विरघळलेले असतात. पेशींच्या बाहेर मुख्यतः सोडियम आणि आत मुख्यतः पोटॅशियम असते. रक्तातील सोडियमची पातळी साधारण १३५ ते १४५ आणि पोटॅशियमची ३.५ ते ५ असावी लागते. जुलाबातून आणि घामातून पाण्याबरोबर हे क्षारही बाहेर पडतात. म्हणून उपचारात दोन्ही परत द्यावे लागतात, आणि तेही योग्य प्रमाणात. नुसते पाणी दिले तर क्षार पातळ होतात. क्षार जास्त आणि पाणी कमी दिले तर पेशींमधील पाणी बाहेर ओढले जाते. त्या बाळाचे नेमके हेच झाले होते.

लहान मुलांना धोका जास्त का?

साधा हिशोब करून पाहा. १० किलोच्या मुलाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले, तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. ही तीव्र अवस्था आहे. जोरात जुलाब आणि उलट्या होत असतील तर काही तासांत ही वेळ येऊ शकते. ६० किलोच्या माणसाला त्याच अवस्थेला पोचण्यासाठी सहा लिटर पाणी गमवावे लागते. शिवाय बाळाला तहान लागली तरी सांगता येत नाही.

वयस्कर माणसांची अडचण वेगळी असते. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक आजी-आजोबा मुद्दाम पाणी कमी पितात. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकत असतात. अशा माणसाला दोन-चार जुलाबही पुरतात.

लक्षणे कशी ओळखावीत?

सुरुवातीची लक्षणे:
• तहान लागणे, तोंड आणि ओठ कोरडे पडणे
• लघवी कमी आणि गडद पिवळी होणे
• थकवा, डोके दुखणे

मध्यम अवस्था:
• डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे
• मूल चिडचिडे होणे, पाणी दिले की अधाशासारखे पिणे
• पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळू पूर्ववत होणे
• मोठ्यांमध्ये उभे राहिल्यावर चक्कर येणे, पायात गोळे येणे

तीव्र अवस्था (ताबडतोब रुग्णालय):
• सुस्ती, ग्लानी किंवा बेशुद्धी
• पाणी पिता न येणे
• त्वचेची चिमटी पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागणे
• हातपाय गार पडणे, नाडी जलद आणि क्षीण होणे
• सहा ते आठ तास लघवी न होणे. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाणे

वयस्कर माणसांची त्वचा मुळात सैल असते, त्यामुळे त्यांच्यात चिमटीची खूण फसवी ठरते. त्यांची जीभ कोरडी आहे का, लघवी किती झाली आणि बोलणे नेहमीसारखे आहे का, हे पाहा. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

१. मूत्रपिंडावर आघात: रक्ताचे प्रमाण घटले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो, लघवी घटते आणि क्रिएटिनिन वाढते. वेळेवर पाणी आणि क्षार मिळाले तर मूत्रपिंड बहुधा पूर्ववत होते. याच काळात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर इजा वाढते. अंग दुखते म्हणून जुलाबात किंवा उन्हाच्या त्रासात या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

२. शॉक: रक्तदाब इतका खाली जातो की अवयवांना रक्त पुरत नाही. जुलाबाने दगावणाऱ्या बहुतेक रुग्णांचा मृत्यू जंतूपेक्षा या पाणी कमी होण्यामुळे होतो.

३. सोडियम कमी होणे: क्षार गमावले आणि बदल्यात फक्त साधे पाणी भरपूर प्यायले, तर सोडियम घसरते. पाणी पेशींत शिरते आणि मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा, झटके आणि बेशुद्धी असा हा क्रम असतो.

४. सोडियम वाढणे: पाणी फार कमी मिळाले किंवा ओआरएस घट्ट कालवले, तर उलटे घडते. मेंदूच्या पेशी आकसतात. मूल चिडचिडे होते, नंतर ग्लानीत जाते.

५. पोटॅशियम कमी होणे: स्नायू दुबळे होतात, पोट फुगते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

कारखान्यातील घाम आणि साधे पाणी

आपल्या भागात हा त्रास फक्त जुलाबामुळे होत नाही. चाकण, भोसरी, तळवडे येथील फोर्जिंग, फाउंड्री, हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम करणाऱ्यांना मार्च ते जूनमध्ये तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम येऊ शकतो. प्रत्येक लिटर घामातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते. सुट्टीवरून परतलेल्या किंवा नव्याने कामाला लागलेल्या माणसाचे शरीर उष्णतेला सरावलेले नसते. त्याच्या घामातून मीठ जास्त जाते.

उन्हाळ्यात माझ्याकडे येणारे अनेक तरुण एकच तक्रार सांगतात: "डॉक्टर, दिवसभर पाणी पितोय, तरी पायात गोळे येतात आणि मळमळतंय." विचारले की कळते, सकाळी न खाता शिफ्टला गेले, बाटल्यांमागून बाटल्या साधे पाणी प्यायले, जेवण अर्धवट सोडले. पाणी भरून निघाले, मीठ मात्र निघाले नाही. अमेरिकेतील २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते. त्यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेये घेतलेले धावपटू अधिक होते.

उष्ण ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी सूचना:
• दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी घ्या. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका.
• शिफ्टला उपाशी जाऊ नका. जेवणातील मीठ हाच क्षारांचा मुख्य पुरवठा आहे.
• दोन तासांहून जास्त वेळ घाम येणार असेल तर मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-साखर सरबत किंवा ओआरएस मध्ये मध्ये घ्या. मिठाच्या नुसत्या गोळ्या घेऊ नका.
• पहिल्या आठवड्यात कामाचा वेळ हळूहळू वाढवा. सुपरवायझरने नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी भट्टीजवळ पूर्ण पाळी लावू नये.
• लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर कमी पडते आहे.

उष्माघात म्हणजे याच्या पुढची पायरी. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून नुसत्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. असा रुग्ण दिसल्यास सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते.

ओआरएस काम कसे करते?

जुलाबात आतड्यातून पाणी वाहत असते. तरीही आतड्याच्या अस्तरातील एक दार उघडे राहते. त्या दारातून सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. म्हणून ओआरएसमध्ये साखर असते ती चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसते. साखर नसेल तर मीठ नीट शोषले जात नाही, आणि साखर जास्त झाली तर ती आतड्यातच पाणी ओढून जुलाब वाढवते.

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मोजलेले मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तेव्हा रुग्णांना हे पाणी पाजणारी माणसे डॉक्टर किंवा नर्स नव्हती, घरचीच होती. हे काम तुम्हालाही जमते. फक्त माप चुकता कामा नये.

ओआरएस कसे तयार करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते.

• पाकीट किती पाण्यासाठी आहे ते आधी वाचा. मोठे पाकीट (सुमारे २०.५ ग्रॅम) एक लिटरसाठी, छोटे (सुमारे ४ ग्रॅम) २०० मिलीसाठी असते.
• उकळून गार केलेले किंवा शुद्ध पाणी मोजून घ्या. घरात माप नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली वापरा.
• अख्खे पाकीट एकदम घाला. मोठ्या पाकिटातून चमचा-चमचा काढून पेल्यात कालवू नका.
• वरून साखर, मीठ, दूध किंवा सरबत मिसळू नका.
• तयार द्रावण झाकून ठेवा आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.

पाकीट मिळेपर्यंत घरगुती उपाय: एक लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा शीग लावून भरू नका. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते द्रावण टाकून नवे करा.

किती द्यावे?

प्रत्येक पातळ जुलाबानंतर:
• २ वर्षांपर्यंत: ५० ते १०० मिली
• २ ते १० वर्षे: १०० ते २०० मिली
• त्यापुढे: हवे तितके

बाळाला वाटी-चमच्याने द्या. उलटी झाली तर १० मिनिटे थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा याप्रमाणे पुन्हा सुरू करा. एकदम पेलाभर पाजले की उलटी होते आणि 'ओआरएस पचत नाही' असा समज होतो. अंगावरचे दूध बंद करू नका. पेज, वरणाचे पाणी, मऊ भात, दही चालू ठेवा. मुलाला झिंक डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्या: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढील मुलांना २० मिलिग्रॅम. जुलाब लगेच थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका.

ओआरएससारखे दिसणारे, पण ओआरएस नसलेले

कोल्ड्रिंक, डब्यातील फळांचा रस आणि एनर्जी ड्रिंक यांत १०० मिलीमागे साधारण १० ग्रॅम साखर असते. ओआरएसमध्ये ती दीड ग्रॅमहून कमी असते. ग्लुकोजच्या पावडरीत पुरेसे मीठ नसते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी असते. ते चांगले पेय आहे, पण ओआरएसची जागा घेऊ शकत नाही, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

काही गोड पेये वर्षानुवर्षे नावात 'ओआरएस' लावून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खरेदी करताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहा.

"डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल"

ही मागणी रोज होते. ५०० मिली ग्लुकोज सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण एका पोळीइतकी ऊर्जा. तोंडाने पिता येत असेल तर ओआरएस तितकेच उपयोगी आणि अधिक सुरक्षित आहे. माणूस शॉकमध्ये असेल, बेशुद्ध असेल किंवा उलट्या थांबतच नसतील, तर मात्र सलाईन जीव वाचवते. ते रुग्णालयातच, सोडियम-पोटॅशियम तपासून द्यावे लागते. दीर्घकाळ घसरलेले सोडियम झपाट्याने वर आणले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वाढलेले सोडियम झपाट्याने खाली आणले तर मेंदूला सूज येते. म्हणून डॉक्टर 'हळूहळू सुधारणा करतो आहोत' म्हणतात तेव्हा तो हलगर्जीपणा नसतो.

यांनी विशेष काळजी घ्यावी

• रक्तदाबासाठी किंवा सूज उतरण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे
• मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा लघवीवाटे साखर टाकणाऱ्या गोळ्या घेणारे
• हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे
• गर्भवती

जुलाब-उलट्या सुरू होताच त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करू नका. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका, साखर तपासत राहा.

जुलाब टाळण्यासाठी

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पालिकेचे पाणी दिवसाआड येते. पुनावळ्यासारख्या झपाट्याने वाढलेल्या भागात अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर अवलंबून आहेत. पाणी साठवावे लागते, आणि साठवलेले पाणी दूषित होते. सोसायटीची टाकी नियमित धुऊन घ्या, टँकरच्या पाण्यातील क्लोरीन तपासायला सांगा. पिण्याचे पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा.

रुग्णालयात कधी जावे?

सहा ते आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, सतत उलट्या, ग्लानी, झटके, गार हातपाय, किंवा सहा महिन्यांखालील बाळाला जुलाब: यातील एकही गोष्ट असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठा. वाटेत मूल शुद्धीत असेल आणि पिऊ शकत असेल, तर चमच्याने ओआरएस देत राहा.

आज घरी एक काम करून ठेवा. ओआरएसची दोन पाकिटे आणि एक लिटरची रिकामी स्वच्छ बाटली औषधांच्या डब्याशेजारी ठेवा. बाटलीवर मार्करने लिहा: 'एक मोठे पाकीट, पूर्ण बाटली पाणी.' रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला माप आठवत नाही, बाटलीवर लिहिलेले वाचता येते.